रिकाम्या तळावर राहिलेली पाटी

वारणाकाठच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मी पोस्टातून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली. आमच्या गावाशेजारी साखर कारखान्याचा गाडीतळ आहे. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. गेल्या हंगामात मी ठरवलं की या मुलांना शिकवायचं. डिसेंबरपासून बुधवारी आणि शनिवारी चार वाजता जाऊ लागले. सोबत आमच्या कॉलेजच्या दोन मुली. पहिल्या दिवशी बावीस मुलं होती, नंतर कधी दहा, कधी पाचच. वह्या, पेन्सिली, कंपास दिले. पुढच्या आठवड्यात निम्म्या वह्या गायब. एका कोपीत वहीची पानं चुलीत घालताना पाहिली. मुलं आली की आधी 'बिस्कीट आणलं का?' विचारायची. एक अकरा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन लांब उभी राहायची. मी तिला म्हटलं, बाळाला ठेवून ये. ती परत आलीच नाही. आईबाप म्हणायचे, 'शिकून काय कलेक्टर व्हणार हाय का?' आणि मार्चमध्ये एका बुधवारी गेले तर तळ रिकामा. चुलींचे काळे डाग, पाचट आणि एक पाटी. कोणी निरोपसुद्धा दिला नाही. मुलगा म्हणतो, आई, वर्गणी दे आणि गप्प बस. दिवाळी आली. पुन्हा जाऊ का? त्या तीन-साडेतीन महिन्यांचा कुणाला काही उपयोग झाला असेल का? ती पाटी मी घरी आणून ठेवली आहे, तिचं काय करू?"

ताई,

पुन्हा जा. कशासाठी आणि कसं, ते सांगायला मला जरा जागा लागेल, कारण तुमच्या पत्रातल्या त्या रिकाम्या तळाची दुसरी बाजू मी तेवीस वर्षं पाहिली आहे. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. तुमचा तळ मार्चमध्ये रिकामा होतो, माझा वर्ग दिवाळीत व्हायचा. सुट्टी संपवून शाळेत यावं तर चौथीच्या पटावरच्या छत्तीसपैकी तेरा मुलं हजर आणि बाकीची नाहीत. रात्री ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी आणि पोरं चढली, गाव निम्मं झालं. आम्हालाही कोणी निरोप दिलेला नसायचा.

म्हणून त्या बुधवारचं मनाला लावून घेऊ नका. कोणत्या दिवशी निघायचं हे त्या मुलांना माहीत नसतं, बऱ्याचदा त्यांच्या आईबापांनाही आदल्या दिवसापर्यंत माहीत नसतं. गाळप आटोपत आलं, फडात ऊस उरला नाही, मुकादमानं, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदारानं, गाडी ठरवली की निघायचं. तुम्हाला टाळून कोणी गेलं नाही. तुम्ही बुधवारी येणार हे ट्रॉलीत बसलेल्या एखाद्या पोराला नक्की आठवलं असणार, पण ते त्यानं कोणाला सांगायचं?

आता उपयोगाचं. एक प्रसंग सांगते. माझ्या हातून घडलेली चूक आहे ती, आणि अजून सलते.

चौथीतली एक मुलगी एप्रिलमध्ये कारखान्यावरून परत आली. नाव लिहीत नाही, आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे. परीक्षा तोंडावर. मी तिला फळ्याजवळ बोलावलं, भागाकार घातला. ती गप्प. वाचायला दिलं, ती पुस्तकाकडं बघत राहिली. मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "सगळं विसरून आलीस." आणि तिला दुसरीच्या मुलांत बसवलं. आठवडाभरानं वह्या तपासताना तिची वही हाती आली. मागच्या बाजूनं उलटी धरून लिहिलेली चौदा-पंधरा पानं होती. अक्षर तिचं, पण तारखा आणि खुणा कुणा मोठ्या माणसाच्या. एका पानावर तीन अंकी भागाकार, बरोबर सोडवलेले. शेवटच्या पानावर त्या मोठ्या माणसाच्या अक्षरात एक ओळ: आज पूर्ण गोष्ट न अडखळता वाचली.

ते अक्षर कोणाचं, मला कधीच कळलं नाही. कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर तुमच्यासारखीच कोणी तरी बाई किंवा बुवा रोज येत होता आणि त्यानं माझ्या विद्यार्थिनीला माझ्याहून चांगलं शिकवलं होतं. पोर गप्प बसली ती भीतीनं. पाच महिन्यांनी शाळेत येऊन एकदम फळ्यासमोर उभं केल्यावर कोणीही गप्प बसेल. तिला काय येतं हे मला सांगणारं कोणी नव्हतं, आणि मी विचारलं नाही. त्या पंधरा पानांचा तिला जेवढा उपयोग व्हायला हवा होता, त्यातला निम्मा माझ्यामुळे वाया गेला.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर मला या वहीत दिसतं. ऊसतोड कामगारांच्या मुलाला दोन ठिकाणी दोन शिक्षक भेटतात आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नसते. जूनपासून दिवाळीपर्यंत मी, दिवाळीपासून होळीपर्यंत तुम्ही, नाहीतर कोणीच नाही. दर वर्षी दुसरं सत्र बुडतं. पहिली ते आठवी म्हणजे आठ दुसरी सत्रं. आमच्याकडं या मुलांची पुस्तकं बघितली की लगेच कळायचं: पहिले निम्मे धडे मळलेले, कोपरे दुमडलेले, आणि पुढची पानं कोरी करकरीत, नव्या पुस्तकाचा वास तसाच. अशी आठ वर्षं गेल्यावर मूल शाळा सोडतं आणि आपण म्हणतो, त्याला गोडी नव्हती.

तेव्हा या वर्षी शाळा चालवायला जाऊ नका. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तासांत शाळा होत नाही, आणि व्हायला हवी अशी अपेक्षा ठेवलीत की मार्चमध्ये पुन्हा असंच हताश वाटेल. तुम्ही दोन शाळांमधला सांधा व्हा. हे काम तिथं दुसरं कोणी करत नाही, आणि पोस्टात आयुष्य काढलेल्या माणसाला ते जितकं जमेल तितकं इतरांना जमणार नाही असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका. प्रत्येक मुलाची एक वही करा, साधी शंभर पानी. पहिल्या पानावर नाव, गावचं नाव, तांडा किंवा वस्ती, शाळा, इयत्ता, गुरुजींचं किंवा बाईंचं नाव. मुलाला शिक्षकांचा नंबर ठाऊक नसतो, पण टोळीतल्या कुणा तरी बापाकडं असतो. शाळेनं गाव सोडताना शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर आईच्या पेटीत कुठं तरी असेल. ते मागून बघा, त्यावर सगळं असतं. मग त्या शिक्षकांना फोन लावा. मी सांगते, असा फोन मला एकदा जरी आला असता तर मी आनंदानं रडले असते. "तुमची चार मुलं आमच्या तळावर आहेत, सुखरूप आहेत, त्यांचं काय राहिलंय सांगा." एवढंच बोलायचं. कोणी तुसडेपणानं बोललं तर सोडून द्या, पुढच्याला लावा.

ती वही मुलाबरोबर गावी जाणार. दर आठवड्याला त्यात तारीख घालून दोन ओळी लिहा: काय वाचलं, कुठं अडलं, काय आवडलं. गाडी कधीही लागू शकते, म्हणून शेवटच्या दिवसासाठी काही राखून ठेवू नका. कोणत्याही बुधवारी हात सुटला तरी वही पुरी असली पाहिजे. आणि तीच नोंद तुमच्याकडच्या एका मोठ्या वहीतही ठेवा, कारण वह्या हरवतात, भिजतात.

चुलीत गेलेल्या पानांबद्दल मात्र त्या आईला दोष देऊ नका. दव पडलेलं असतं, पाचट ओलं, पहाटे चारला फडात जायचंय, त्याआधी भाकरी थापायच्या आहेत. कोरा कागद हाताशी असला तर तो पेटवायलाच वापरला जाणार. लेकराचं नाव, त्यावर कोणी तरी रोज लिहितंय, लाल शाईची खूण आहे, अशी वही बाया चुलीत घालत नाहीत. ती पेटीत जाते. कोरी वही आणि लिहिलेली वही यांत फरक असतो हे अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळतं. म्हणून सुरुवातीला वह्या तुमच्यापाशीच ठेवा, लिहून झाल्यावर हळूहळू घरी जाऊ द्या.

बिस्किटांचंही तसंच. पोर बिस्कीट मागतं तेव्हा ते लोभी असतं असं समजू नका, चार वाजता त्याला भूक लागलेली असते. आई-बाप पहाटे गेलेले, सकाळची भाकरी दुपारी संपलेली, पुढचं जेवण रात्री. भुकेल्या मुलाला आधी खायला द्यावं, मग पाटी हातात द्यावी. शेंगदाणे-गूळ न्या, फुटाणे न्या, केळी न्या. सगळ्यांना सारखं, आल्याबरोबर, काही न म्हणता. मात्र उत्तर बरोबर आलं म्हणून बिस्कीट, असं कधीही करू नका. खाऊ हा हक्काचा, शाबासकी वेगळी. या दोन्हींची गल्लत झाली की मूल तुमच्या हाताकडं बघतं, पुस्तकाकडं बघत नाही.

आता त्या अकरा वर्षांच्या मुलीकडं येते. पत्रातली ती ओळ वाचून मी बराच वेळ थांबले. "बाळाला ठेवून ये" हे तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात. पण ठेवायचं कुठं? त्या तळावर दिवसभर ती त्या बाळाची आईच असते. तिला शाळा आणि भाऊ यांतलं एक निवडायला सांगितलं, तिनं भाऊ निवडला. दुसरं ती काय करणार होती?

हा पेच आपल्याकडं फार पूर्वी कोणी तरी सोडवलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात. त्यांनी कारणं शोधली. लहान मुलं पाड्यातून इतक्या लांब येऊ शकत नव्हती, तर बालवाडीच पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यांच्या या कामातून आला. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर त्यांच्यामागं कुरणात जाऊन कुरणशाळा भरवली. आणि मुली धाकट्या भावंडांपायी अडकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. बहीण शिकते आहे आणि भाऊ त्याच आवारात पाळण्यात आहे. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जायचं, आणि मुलाच्या कडेवर जे असेल त्यालाही आत घ्यायचं. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. मुलीची वाट कुठं कुठं बंद होते ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा या वेळी एक गोधडी आणि चार खुळखुळे न्या. कॉलेजच्या मुलींपैकी एकीनं फक्त तान्ह्यांकडं बघायचं. ती मुलगी याच टोळीत परत आली असेल तर तिच्या कोपीशी जाऊन म्हणा, "गेल्या वर्षी माझं चुकलं. भावाला घेऊन ये." मोठ्या माणसानं असं म्हणणं तिनं फारसं ऐकलेलं नसेल.

कॉलेजच्या मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्या राष्ट्रीय सेवा योजनेतून येत असाव्यात. तिथं वर्षाला १२० तास भरायचे असतात. तास भरले की मुली येत नाहीत, आणि इकडं एखादं पोर "ती लांब वेणीवाली ताई कुठंय?" विचारत राहतं. या मुलांच्या आयुष्यातून माणसं सतत जात असतात. आजी गावाकडं राहते, शाळेतली मैत्रीण राहते, कुत्रंसुद्धा राहतं. त्यांत आपण आणखी भर घालायची नाही. म्हणून मुलींना आधीच विचारा: मार्चपर्यंत दर शनिवारी येणार का? जी हो म्हणेल तिलाच मुलांसमोर बसवा. जिला चार-पाच वेळाच जमणार आहे तिच्याकडून घरी बसून शब्दपट्ट्या करून घ्या, गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून घ्या, शिक्षकांचे नंबर शोधून घ्या. तेही काम तितकंच मोलाचं आहे. आणि फोटो नकोत. कोपीसमोर वही धरलेल्या पोराचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. दहा वर्षांनी तो फोटो त्याच्यासमोर आला तर त्याला काय वाटेल, एवढाच विचार करा.

वेळेचं ठरवण्याआधी तळावर दोन दिवस नुसतं बसून बघा. चार वाजता मुली पाणी भरतात का? बैलगाडीची टोळी असेल तर पोरं त्या वेळी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या विकायला जातात का? डिसेंबरात सहाला अंधार पडतो आणि कोपीत दिवा नसतो. कुठल्या तळावर सकाळी दहाची वेळ बरी पडते, कुठं तीनची. हे बायकांना विचारा, पुरुषांना ते माहीत नसतं. एक वेळ ठरली की मग मात्र पाऊस असो, पाहुणे असोत, ती मोडू नका. येणं जमणारच नसेल तर आदल्या खेपेला मुलांना सांगा. तुमचं सगळ्यात मोठं शिकवणं मी यालाच म्हणेन, की बुधवारी येते म्हणालेली बाई बुधवारी येते.

शिकवायचं काय? इयत्ता विसरा. प्रत्येकाला एकेकट्याला जवळ बसवून बघा: अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, चार ओळींचा उतारा वाचतं का, गोष्ट वाचतं का. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं ही पद्धत देशभर नेली. २००५ पासून त्यांचं 'असर' सर्वेक्षण अशाच साध्या पट्टीनं मुलांचं वाचन तपासतं. जे जिथं आहे तिथून त्याला पुढं न्यायचं, मग तो सहावीतला असून अक्षरांच्या गटात का बसेना. फक्त मोठ्या पोराला पहिलीचं पुस्तक देऊ नका, तो लाजून पळेल. त्याला बैलांच्या, ट्रॅक्टरच्या, त्याच्या गावच्या जत्रेच्या ओळी तुम्ही स्वतः लिहून द्या. काही टोळ्यांत घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. तसं असेल तर चार शब्द तुम्ही त्यांच्याकडून शिका. पोरं खूश होतात, आणि शिकवणारं माणूसही अडखळतं हे त्यांना दिसतं.

गणिताला तर तळावर काही आणावंच लागत नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला मोळ्या मोजता येतात, वाढ्याच्या किती पेंढ्यांचे किती रुपये हे तो तोंडानं पटकन सांगतो, आणि कागदावर तोच गुणाकार घातला की गप्प. त्याला सांगा, तू आत्ता डोक्यात केलंस तेच इथं लिहायचंय. मी हे फार उशिरा शिकले. आमच्या वर्गात "ढ" ठरलेली मुलं बाजारात हिशेबाला चुकत नसत. (त्यांनी पेंढ्या विकाव्यात असं मी म्हणत नाही, तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण जे येतं ते त्यांचं आहे, त्याचा मान ठेवायला हवा.)

प्रोत्साहन हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिला आहे. "शाब्बास, हुशार आहेस, खूप शिक, मोठा साहेब हो" अशा बोलण्यानं काही होत नाही. उलट असं मूल मनात म्हणतं, या बाईला माझं काही माहीत नाही. "गेल्या बुधवारी तुला जोडाक्षर अडत होतं, आज 'पुस्तक' न थांबता वाचलंस." हे म्हटलं की मुलाची मान वर होते, कारण कोणी तरी त्याचा बुधवार लक्षात ठेवला. त्यासाठी तुम्हाला लिहून ठेवावं लागेल; वीस मुलांचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्या अनोळखी माणसानं लिहिलेलं "आज पूर्ण गोष्ट न अडखळता वाचली" हे वाक्य मला का आठवतं? त्यात एकही कौतुकाचा शब्द नाही. नुसती नोंद आहे.

आणखी एक काम, जे तुम्ही एकट्यानं करण्यापेक्षा चार गावकऱ्यांना घेऊन करा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या कोणत्याही मुलाला दाखला नाही, जन्मतारखेचा पुरावा नाही, वर्ष अर्धं झालंय, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांशी भांडू नका. त्यांच्याही अडचणी असतात: एकदम पंधरा मुलं येतात, मार्चमध्ये जातात, बाकी कसं सांभाळायचं? पण पट वाढला, मुलं पोषण आहाराला बसली, दुपारी पोटभर जेवली, तर तुमचं निम्मं काम तिथंच झालं. सहा वर्षांखालच्यांसाठी अंगणवाडीताईंना भेटा, गरोदर बायकांची नावंही त्यांना द्या. शाळा लांब असेल आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर मुलं जाणार नाहीत. मग ने-आण कोण करील हे गावाला विचारा. तुमच्या चिरंजीवांची वर्गणी इथं उपयोगी पडेल. रिक्षाचं भाडं, ताडपत्री, एक सौर दिवा. पैसे तर त्यांनी द्यावेतच. गप्प बसायचं मात्र कारण नाही.

आईबापांना शिक्षणाचं महत्त्व सांगू नका. त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अंगठा देऊन उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, त्यात काय लिहिलंय हे वाचता येत नाही. "कलेक्टर व्हणार हाय का" हे वाक्य मीही शेकडो वेळा ऐकलं. ते बोलणाऱ्याच बापानं एका लेकराला गावी म्हातारीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात शिकायला ठेवलेलं असायचं. दोघांना ठेवणं परवडत नाही, म्हणून एकाला ठेवलं आणि एकाला आणलं. जे आणलं त्याच्याबद्दल तो असं बोलतो, कारण खरं बोललं तर त्याला रात्री झोप यायची नाही. त्यांच्याशी पोराबद्दलच बोला. "आज त्यानं तुमचं नाव लिहिलं, हे बघा." बापाला स्वतःचं नाव लेकराच्या अक्षरात दाखवा. बाकी काही बोलावं लागत नाही.

मुकादमाला मात्र पहिल्याच दिवशी भेटा, चहा घ्या, वेळ सांगा. त्याच्या परवानगीनं तळावर गेलात तर कोणी अडवणार नाही. बऱ्याच मुकादमांची स्वतःची मुलं शाळा-कॉलेजात असतात, त्यांना आतून बरं वाटतं.

एका गोष्टीत पक्क्या राहा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं "जमलंय" असं कानावर आलं तर ऐकून सोडू नका. हे का होतं तेही समजून घ्या: तरणी मुलगी गावात एकटी ठेवायला आईला भीती वाटते, कोपीला दार नाही तिथंही भीती वाटते, आणि लग्न झालं की नवराबायकोची जोडी कामाला एक 'कोयता' म्हणून धरली जाते, त्यावर उचल मिळते. सगळी कारणं समजली तरी गुन्हा तो गुन्हाच. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, मुलीला अठरा पुरी हवीत. गावात ग्रामसेवकाकडं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) ही जबाबदारी असते, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन दिवसरात्र चालू असतो. मुलीशी आधी बोला, तिला काय हवंय ते विचारा, मग फोन करा. कुणी मुलाला त्रास देतंय, अंगाला हात लावतंय असं कळलं तरी हाच नंबर किंवा थेट पोलीस. तिथं "गुपित ठेवीन" असं वचन मुलाला देऊ नका, कारण २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. आणि आपल्या बाजूनंही नियम हवा: कोणाही कार्यकर्त्यानं एकट्या मुलाला घेऊन आडोशाला किंवा गाडीवर कुठं जायचं नाही, सगळं उघड्यावर, चार लोकांच्या नजरेसमोर.

हे सगळं एका हंगामात होणार नाही. मला विचाराल तर या वर्षी फक्त वह्या आणि फोन एवढंच करा. बारा मुलांच्या बारा वह्या नीट झाल्या तर मी म्हणेन फार झालं. त्यातल्या तीन शिक्षकांनी एप्रिलमध्ये वही उघडून बघितली तर तीन मुलांना कोणी वर्गासमोर "सगळं विसरून आलीस" म्हणणार नाही.

आता ती पाटी. तुम्ही लिहिलंय की लाकडी चौकटीवर खिळ्यानं एक अक्षर कोरलंय आणि खाली "४ थी". म्हणजे ती कुणाची तरी आहे, आणि गेल्या वर्षी तिथं असलेल्या चौथीतल्या मुलांत त्या अक्षराची फार तर दोन-तीन नावं असतील. टोळी दर वर्षी त्याच कारखान्याला येईल असं नसतं. उचल जिकडं जास्त, गाडी तिकडं. म्हणून तळावर कोप्या पडण्याची वाट बघू नका. मुलांच्या बापांचे नंबर बदलतात, मुकादमाचा सहसा बदलत नाही. तो कारखान्याच्या शेतकी विभागात मिळेल. आजच मिळवा आणि मुलाला फोनवर बोलवायला सांगा. पाटी माझ्याकडं जपून आहे एवढं सांगा, आता पाचवीत कोणत्या शाळेत गेलास ते विचारा, आणि या वर्षी कुठल्या कारखान्याला निघालात ते लिहून घ्या.